खांब मुरतो आहे

१ ऑक्टोबर, मंगळवार

खांब उभा राहिला! माझा, माझ्या एकट्याचा विजेचा खांब.

सकाळी गल्लीत क्रेन शिरली तशी शेजारपाजारची सगळी बाहेर येऊन उभी राहिली. समोरच्या योकोयामाबाई म्हणाल्या, "कुराहाशीसान, कारखाना काढताय की काय?" म्हटलं, "नाही हो, गाणं ऐकायचंय." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. आता यांना काय समजावणार? गल्लीच्या सामाईक खांबावरून येणारी वीज म्हणजे दहा घरांनी तोंड धुतलेलं पाणी. प्रत्येकाचा फ्रीज, प्रत्येकाचं केस वाळवायचं यंत्र त्यात आपापली घाण सोडतं. तेच पाणी माझ्या अॅम्प्लिफायरने प्यायचं आणि मी म्हणायचं, चेलो असा खरखरतो का? मी जन्मभर मात्सुमोतोच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी केली. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली पाइप कुठे गळतोय ते सांगायचं. माझ्या कानाला फसवता येत नाही.

सेत्सुकोने कामगारांना चहा दिला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "अहो, बरोबर माझ्या खिडकीसमोर आला."

"दोन हात डावीकडे घेतला असता तर तार लांब झाली असती."

"शिवायला उजेड कुठून आणू मी?"

"दिवा लाव. आता वीज भरपूर आहे."

"हा इथे राहणार असेल तर मी नाही राहणार," ती म्हणाली.

"अगं, खांबाची कुणी सवत करतं का?"

ती हसली. विषय संपला. खरं तर खांबाचा फायदा तिलाच जास्त. आजवर मी ऐकायला बसलो की तिला फ्रीज बंद ठेवावा लागे, त्याची मोटर वीज नासवते म्हणून. उन्हाळ्यात दोनतीनदा मासे वाया गेले. आता तिचा फ्रीज गल्लीच्या विजेवर आणि माझी यंत्रं खांबावर. एवढा विचार कोणता नवरा करतो?

संध्याकाळी पहिली तबकडी लावली. लिहायला हात धजत नाही, पण इथे नाही तर कुठे लिहू? काहीही फरक नाही. काडीचाही नाही! मी खुर्चीत थिजून बसलो. सेत्सुकोने दारातून विचारलं, "कसं आहे?" मी म्हणालो, "वेगळंच!"

२ ऑक्टोबर, बुधवार

फरक नाही. जेवण गेलं नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

फरक आहे!!

दुपारी जुनीच चेलोची तबकडी लावली आणि ताडकन उठून उभा राहिलो. उजव्या भोंग्याच्या मागे, जिथे आजवर नुसता बोळा कोंबल्यासारखं वाटायचं, तिथे जागा झाली आहे. हवा आहे. तार थांबल्यावर तिचा शेवट ऐकू येतो, आधी तो मधेच गिळला जायचा. मी तीच बाजू पुन्हा पुन्हा लावली. भ्रम नाही.

आता उलगडा झाला. खांब मुरायला वेळ लागतो. तार नवी, ट्रान्सफॉर्मर नवा. लोणचं काय घातल्या दिवशी खातात?

सेत्सुकोला सांगायला स्वयंपाकघरात गेलो तर ती नव्हती. शिवणाच्या चिंध्या नि कापडाचे गठ्ठे मैत्रिणीच्या गाडीतून कुठेतरी पोचवायला गेली होती. आल्यावर सांगितलं. "बरं झालं," म्हणाली. तिला यातलं कळत नाही, पण ऐकून घेते बिचारी.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

सुधारणा चालूच आहे. रोज थोडी थोडी. मला हे अपेक्षितच नव्हतं. माणूस एक यंत्र आणतो, त्या दिवशी काय व्हायचं ते होतं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा नवीन यंत्राची तहान लागते. हे असं दिवसागणिक उमलत जाणं मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

सेत्सुको दुपारी खोलीत आली होती. मी तबकडी पुसत होतो. ती बराच वेळ बोलली. नदीपलीकडे न्हाव्याचं जुनं दुकान आहे, त्याच्या वरची जागा तिने घेतली म्हणे. जुन्या किमोनोंचे कपडे नि गोधड्या शिवायचा तिचा वर्ग चालतो, त्यासाठी असणार. पण खरी गंमत वेगळीच. बोलताना तिचा आवाज किती मोकळा लागला! छातीतून आलेला, कडा स्वच्छ. म्हणजे सुधारणा यंत्रात नाही, आख्ख्या खोलीत आहे. मी तिला तसं म्हटलंसुद्धा, "तुझा आवाज आज फार मोकळा लागतोय."

ती म्हणाली, "हो का? मलाही तसंच वाटतंय."

तिलाही कळायला लागलं!

२० ऑक्टोबर, रविवार

ओगिसोसान आले होते. हे दंतवैद्य, दवाखाना मुलाला देऊन मोकळे झालेत आणि माझ्यासारखेच आवाजाच्या पायी वेडे. आमची दर तीन आठवड्यांची बैठक, एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे. त्यांचे स्पीकर माझ्या भोंग्यांच्या दुप्पट किमतीचे, आणि ते ही गोष्ट कधीच बोलून दाखवत नाहीत, हाच त्यांचा तिखटपणा.

मी काही न सांगता चेलो लावला. पहिली बाजू संपेपर्यंत ते हलले नाहीत.

"कुराहाशीसान, काय केलंत?"

"खांब."

"नुसता खांब?"

"नुसता खांब."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी उद्याच बायकोशी बोलतो," म्हणाले.

मी इतका खूश झालो की त्यांना वाकून निरोप देताना चपला उलट्या घातल्या.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

आज जे झालं त्याला सुधारणा म्हणणं अपुरं आहे. खालचे सूर अक्षरशः दार उघडून आत आले.

दुपारी जेवणानंतर पियानो लावून डोळे मिटून बसलो होतो. मधेच दारावर टकटक झाली. मी हात वर केला. आमच्या घरी याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. पुन्हा एकदा टकटक झाली, मग पावलं गेली. बाहेर कसलीशी धुसफुस, काहीतरी जड सरकल्यासारखं. गल्लीत कुणाचं तरी सामान चाललं असेल. मी तबकडी काही थांबवली नाही. आणि दुसऱ्या बाजूला सुई टेकवली मात्र, माझ्या मणक्यातून शिरशिरी गेली. पियानोच्या डाव्या हाताचे सूर जमिनीत उतरत होते आणि पलीकडच्या भिंतीला जाऊन परत येत होते. त्या बाजूला भिंत आहे हेच मला आजवर ऐकू आलं नव्हतं!

खांब मुरला. आता मुरला.

रात्री जेवताना सेत्सुको म्हणाली, "दुपारी दोनदा दार वाजवलं तुमचं."

"तबकडी चालू होती ना."

"हो," ती म्हणाली, "ते आहेच."

४ नोव्हेंबर, सोमवार

किंचित जास्त होतंय का? वरचे सूर टोकदार झालेत. व्हायोलिन कानाला चावतं. नवी वीज जरा तेज आहे, बसेल.

१० नोव्हेंबर, रविवार

बसत नाही. भोंगे भिंतीपासून पुढे ओढले, तिरके केले, खाली दगडाच्या लाद्या घातल्या. प्रत्येक सुराला शेपूट फुटलंय. बाई गाते ती जणू न्हाणीघरात उभी राहून.

आज बैठक ओगिसोसानांकडे होती, पण मीच त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी पाच मिनिटं ऐकलं आणि सुई उचलायला सांगितली. मग खोलीच्या मधोमध उभं राहून जोरात एक टाळी वाजवली. खोलीचा घुमारा तपासायची ही आम्हा लोकांची पद्धत. टाळी फुटली आणि झणझणत राहिली. त्यांनी मान वळवून मधल्या सरकत्या कागदी दारांकडे पाहिलं. दारांपलीकडे सेत्सुकोची शिवणाची खोली आहे. त्यांनी पुन्हा एक टाळी वाजवली, या वेळी हळू, त्या दारांजवळ जाऊन.

"वहिनी बऱ्या आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"उत्तम. वर्गाला गेलीय. का हो?"

"काही नाही." त्यांनी कोट घातला. चहासुद्धा घेतला नाही.

मला धक्काच बसला. इतक्या वर्षांचा स्नेह आणि माणूस माझ्या खांबावर जळतो! अडचणीत सापडलोय तर एक सल्ला देववला नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

नागोयाहून कानाएचा फोन. मुलगी आईलाच फोन करते, आज मी उचलला.

"बाबा, आईने सांगितलं का तुम्हाला?"

"काय?"

तिने उलट विचारलं, "तुम्ही दोघं बोलता तरी का हो एकमेकांशी?"

"रोज बोलतो."

"शेवटचं काय बोललात?"

मी आठवून बघितलं. "सकाळी. मी म्हटलं, सूप गार आहे."

"आई सांगेल," असं म्हणून तिने ठेवून दिला. मला वाटतं, मायलेकींचा काहीतरी बेत शिजतोय. पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे. मला असल्या गुपितांचा तिटकारा आहे, पण करू देत बिचाऱ्या.

तो झणझणाट टेलिफोनवरच्या बोलण्यातही जाणवतो. म्हणजे आता माझ्या कानातच भरला की काय?

२१ नोव्हेंबर, गुरुवार

थंडी पडली. डोंगर पांढरे झाले. यंदा मागच्या दारी नोझावानाच्या भाजीचं पिंप दिसलं नाही. दर वर्षी या दिवसांत सेत्सुको बर्फासारख्या पाण्यात ती पालेभाजी धुते, मिठात दाबून ठेवते आणि सगळा हिवाळा आम्ही ती खातो. विचारलं तर म्हणाली, "यंदा तिकडे घातली."

तिकडे म्हणजे वर्गात. म्हणजे मला खायला तिकडे जावं लागणार की काय? मी हे गमतीत म्हटलं. ती हसली नाही.

वीज कंपनीच्या माणसाला बोलावलं होतं. त्याने खांबावर चढून मोजमाप केलं. वीज अगदी शुद्ध आहे म्हणाला. मग हा घुमारा कुठून येतो? त्याला काय माहीत.

२५ नोव्हेंबर, सोमवार

जसं झालं तसं लिहितो.

आज ठरवलं की भिंतींना गाद्या टांगायच्या. कापडाइतकं आवाज पिणारं दुसरं काही नाही. घरात पाहुण्यांच्या गाद्या, रजया, सेत्सुकोच्या गोधड्या यांचा ढीग असतो, तिच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात. ती वर्गाला गेली होती. मी मधलं कागदी दार सरकवलं. त्या खोलीत मी सहसा जात नाही. तिचं राज्य आहे ते, सुया पायाला टोचतात.

खोलीत काही नव्हतं.

म्हणजे काहीच नव्हतं. छताला टेकलेले कापडाचे गठ्ठे नव्हते. तिच्या आईने लग्नात दिलेलं, किमोनोंनी ठासून भरलेलं लाकडी कपाट नव्हतं. ते जिथे होतं तिथली चटई अजून हिरवट होती, बाकीची पिवळी पडलेली. भिंतीतलं कपाट उघडलं. आत एक रजई, माझी. खिडकीतून खांब दिसत होता.

आणि मी काय केलं? मी टाळी वाजवली. आपोआप हात उठले. टाळी फुटून त्या उघड्या भिंतींवर झणझणली, तोच तो झणझणाट, ज्याच्या मागे मी नोव्हेंबरभर रांगत होतो. आणि माझ्या तोंडून शब्द निघाला, "सापडलं!"

मोठ्याने. आनंदाने. मी माझ्या कानांनी ऐकलं ते.

मग मी त्या हिरव्या चटईवर बसलो.

ती संध्याकाळी आली, नेहमीसारखी, कांद्याची पात घेऊन. मी कोतात्सूच्या, खाली शेगडी असलेल्या बैठ्या मेजाच्या, गोधडीत पाय घालून बसलो होतो. म्हटलं, "तुझी खोली रिकामी आहे."

तिने पिशवी खाली ठेवली. "बघितलीत?" असं म्हणाली, जसं कुणी बराच वेळ धरून ठेवलेली जड वस्तू खाली ठेवावी.

"हे... हे कधी केलंस? माझ्या पाठीमागे!"

"पाठीमागे?" तिचा आवाज एकदम चढला. तो असा चढलेला मी कधी ऐकलाय आठवत नाही. "दिवसाढवळ्या नेलं मी! दोन हमाल कपाट घेऊन तुमच्या दारासमोरून गेले. त्यातला एक तर म्हणाला, काय छान पियानो वाजतोय. मी दोनदा दार वाजवलं. तुम्ही हात वर केलात."

"मला सांगायचंस तरी!"

"सांगितलं. समोर बसून सांगितलं. जागा घेतलीय, तिकडे राहायला जाणार आहे, तुमच्यावर राग नाही, पण मला आता इथे जमत नाही. सगळं सांगितलं. तुम्ही म्हणालात, तुझा आवाज मोकळा लागतोय."

ते वाक्य मी म्हटलं होतं.

"सेत्सुको, कपाट गेलेलं मी ऐकलं होतं गं," मी म्हणालो. "देवाशपथ. कापडं गेलेलीही ऐकली. सगळं ऐकू आलं मला, त्या त्या दिवशी. मला वाटलं, खांब मुरतोय."

ती हसायला लागली. तोंडावर हात धरून हसली, वाकून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मलाही हसू आलं. मग माझ्या लक्षात आलं की ती केव्हापासूनच हसत नाहीये.

"खांब उद्या काढायला सांगतो."

"त्याने काय केलंय? तो बिचारा उभा आहे." तिने डोळे पुसले. "मला घरात पाऊल वाजवायची भीती वाटते हो. तुमची तबकडी चालू असली की मी नळ सोडत नाही. शिंक आली तर अंगणात जाते. सोयाबीन भाजायचं असलं तर तुम्ही बाहेर जाण्याची वाट बघते. तिकडे मी परवा ताटली खाली पाडली. फुटली. किती बरं वाटलं!"

"मग अजून इथे का आहेस?"

"तुमच्या लक्षात येईल म्हणून थांबले होते. मला वाटलं, रस्त्याखालची गळती ऐकणारा माणूस, याला कळेल. कळलं की विचारेल. विचारलं असतंत तर..." उठून तिने पात चिरायला घेतली.

मी काय करू?

२७ नोव्हेंबर, बुधवार

तिला म्हटलं, जाऊ नकोस. सगळी यंत्रं विकून टाकतो. ती म्हणाली, "विकाल, आणि मग विकल्याचं दुःख मला रोज ऐकवाल." खरंच आहे ते. मला स्वतःचा भयंकर राग आला.

१ डिसेंबर, रविवार

गेली.

शिलाईयंत्र मी टॅक्सीपर्यंत उचलून नेलं. योकोयामाबाई दारात झाडत होत्या, त्यांनी मान खाली घातली. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं! कपाट जाताना सगळ्यांनी पाहिलं असणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टॅक्सीत बसताना ती म्हणाली, "सूप गरम करून घेत जा." मी विचारलं, "मी येऊ का कधी तिकडे?" ती म्हणाली, "वर्ग नसेल तेव्हा या. चहा पाजीन."

दिवसभर तबकडी लावली नाही. स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडला. पूर्ण सोडला. नुसता ऐकत उभा राहिलो.

८ डिसेंबर, रविवार

ओगिसोसान आले, मी न बोलावता. सोबत त्यांच्या बायकोने दिलेला डबा.

"तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं," मी म्हणालो.

"टाळी वाजवली तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

ते डब्याची गाठ सोडत बसले. "खरं सांगू? मला वाटलं, तुम्हीच रिकामी केलीत ती खोली. घुमारा वाढवायला. वहिनींचं सामान बाहेर काढून."

"मी? मी असं करीन?"

"आपल्यातले लोक काय काय करतात, तुम्ही पाहिलंय. मला वाईट वाटलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं की कुराहाशीसान फार पुढे गेले. तिने मला खांबाचं नाव काढू दिलं नाही."

मी त्यांच्यावर ओरडणार होतो. पण मग विचार आला, समजा ऑक्टोबरमध्ये मला कुणी सांगितलं असतं की ते कपाट तिथून हलव, पियानोचा डावा हात सुटा होईल. तर मी काय केलं असतं? मला उत्तर माहीत आहे आणि ते लिहवत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

तिच्याकडे जाऊन आलो. घरी येऊन कोटही न काढता लिहायला बसलोय.

न्हाव्याच्या दुकानाशेजारून लाकडी जिना वर जातो. मी सफरचंदं नेली होती. दार उघडताना तिने केस बांधले होते आणि चेहऱ्यावर रंग होता. बरी दिसत होती. मला ते बघून आनंद झाला आणि तितकंच दुखलंही.

खोली लहान. एका भिंतीला आईचं कपाट, बाकी तिन्ही बाजूंनी कापडाचे गठ्ठे, गोधड्या, लटकवलेले किमोनो. मी उशीवर बसलो, खाकरलो आणि दचकलो. माझा आवाज कुठेही गेला नाही. तिथल्या तिथे राहिला. घुमारा शून्य. अशी खोली मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती, आणि ती एवढी वर्षं माझ्या भिंतीपलीकडे होती.

आम्ही बोललो. मी कानाएच्या फोनबद्दल सांगितलं, तिने वर्गातल्या बायकांबद्दल. मी मिसोचं सूप करायला शिकतोय म्हटलं तर तिला खरं वाटेना. "मिसो उकळवता की काय?" "उकळवतो." "अहो, उकळवायचं नसतं!" आणि ती हसली, घरी हसायची तशी तोंड दाबून नाही, चांगली खळखळून. मला वाटलं, जमेल. काहीतरी जमेल.

मग ती किटली घेऊन चहा ओतायला लागली आणि ओततानाच बोलू लागली, माझ्याकडे न बघता, हळू. एवढ्या जवळून, एवढ्या स्वच्छ खोलीत तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. ओठ एकमेकांपासून सुटताना होणारा बारीक आवाज ऐकू येत होता. शब्द सुरू होण्याआधीचा श्वास ऐकू येत होता. खालच्या पट्टीत एक किंचित खर आहे, ती वयाने आलेली असेल किंवा कायम असेल, मला माहीत नाही, पण ती फार सुंदर आहे. माझे डोळे आपोआप मिटले.

आवाज थांबला. मी डोळे उघडले. ती किटली हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"मग?" ती म्हणाली.

"सुंदर," मी म्हणालो.

"काय सुंदर?"

मी उशीवर सावरून बसलो.

"अहो, मी आत्ता काय विचारलं तुम्हाला?"

मला सांगता आलं नाही. म्हटलं, सेत्सुको, पुन्हा एकदा विचार, फक्त एकदा, मी ऐकतोय. हात जोडले मी. तिला राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. तिने किटली खाली ठेवली, कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "घ्या. गार होतोय."

चहा घेतला. सफरचंद कापलं, खाल्लं. जिन्यावरून खाली येईपर्यंत ती दारात उभी होती.

वाटभर आठवतोय. पहिला भाग तिने एका दमात म्हटला, खालच्या पट्टीत, सावकाश. मग श्वास घेतला. मग थोडकेच शब्द, आधीपेक्षा भरभर, मनात बरेच दिवस घोळवलेले असावेत तसे. शेवटच्या शब्दावर आवाज वर गेला आणि तिथे किंचित हलला. प्रश्न होता. त्यानंतर ती थांबली, बराच वेळ थांबली, मी काहीतरी म्हणेन म्हणून. हे सगळं मी आत्ताही जसंच्या तसं ऐकू शकतो. फक्त शब्द नाहीत. एकही नाही.